सहा मायक्रॉनपुढची खाच

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. सामानसुमान लावून झालं असेल आणि दिरांच्या घरी तुम्ही दोघी जरा रुळला असाल असं धरून चालते. चिमणीला नवी शाळा कशी वाटली? दहावीच्या तोंडावर शाळा बदलणं म्हणजे छळच, पण ती तुझ्यासारखी घट्ट आहे, निभावून नेईल. मी ठीक आहे. खाणंपिणं वेळेवर चालू आहे, तेव्हा ती काळजी डोक्यातून काढून टाक.

तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी कामात होते आणि नंतर उलट करायचा राहून गेला. हल्ली फोनवर मला धड बोलता येत नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं.

भाऊजींचं कपाट परवा रिकामं केलं. पार्सल शुक्रवारपर्यंत मिळेल. त्यात त्यांचा जाड भिंगांचा चष्मा आहे, एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेला. "नवीन घ्या ना," असं तू किती वर्षं म्हणत होतीस! तू विणलेला मफलर आहे, त्याचं एक टोक करपलंय. आणि पितळेचा एक भोवरा सापडला, लेथवर स्वतः काढलेला. चिमणीसाठी होता की जेवणाच्या सुट्टीत स्वतःच फिरवायचे, देव जाणे. हत्यारं वर्कशॉपची म्हणून ठेवून घेतली, पण एक छोटा स्क्रूड्रायव्हर मी गुपचूप मफलरमध्ये गुंडाळला आहे. त्याच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याएवढी झीज आहे. मला तारांना डाग द्यायला शिकवलं तेव्हापासून तोच त्यांच्या खिशात असायचा.

इथे सगळे तुझी चौकशी करतात. मी "बरी आहे" म्हणते. टॉर्चच्या खोलीला कुलूप आहे. सरांनी मला आकडेमोडीला बसवलंय. मोजून झालं, आता नुसतं गणित उरलंय. वरून पाहणी करायला येणार होते ते आता एप्रिलअखेर येतील.

क्वार्टरची किल्ली जमा केली. खिडकीतल्या कुंड्या शेजारच्यांनी नेल्या.

तू विचारलं होतंस, त्या दिवशी ते खोलीतून किती वाजता बाहेर आले. सव्वा वाजता. मला एवढंच माहीत आहे.

चिमणीला गोड पापा.

तुझी,
छोटी


२७ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तुझं अक्षर इतकं वाकडं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तू लिहिलंस, "संध्याकाळी खोकत होते. मी गरम पाणी दिलं, पांघरूण घातलं आणि पडा म्हटलं. पहाटे श्वास लागला तेव्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणायला हवं होतं. छोटे, मीच त्यांना झोपवलं गं."

असं पुन्हा लिहू नकोस. मनातही आणू नकोस. मी नीट सांगते.

तू म्हणतेस, एकोणीस वर्षं ते त्या खोलीत जात होते, पण काय करता विचारलं की म्हणायचे, "हवा तापवतो." अगदी खरं होतं ते. मध्ये काचेची एक नळी आहे, तिच्याभोवती तांब्याचं वेटोळं, यालाच आम्ही टॉर्च म्हणतो. नळीतून साधी हवा सोडायची आणि वेटोळ्यातल्या विजेने ती तापवत न्यायची, तीन हजार अंशांच्या वर. मग तोंडाशी हातभर लांबीची पिवळट ज्योत उभी राहते. जळत काहीच नसतं, नुसती हवाच पेटल्यासारखी दिसते. वरून खाली येणाऱ्या अवकाशयानाभोवती हवा अशीच तापते. तिच्यातून उष्णता किती बाहेर पडते ते आम्ही मोजतो. डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडचं, इन्फ्रारेड. आरशाने तो उजेड गोळा करायचा, त्याच्या लहरी वेगळ्या करायच्या आणि एकेक लहर किती तेज आहे त्याचा आलेख काढायचा. मोजणारं यंत्र थंडगार ठेवावं लागतं, म्हणून दर अर्ध्या तासाने त्यात द्रव नायट्रोजन ओतावा लागतो. ते काम भाऊजींचं. माझं काम गणिताचं. हवेतल्या रेणूंवरून तो आलेख कसा यायला हवा ते आधी काढायचं आणि मोजलेल्या रेघेवर ठेवून बघायचं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की हवा आपल्याला कळली.

आता मुद्द्याचं. इतकी तापलेली हवा निवते तेव्हा तिच्यातून एक तपकिरी वायू तयार होतो. तो ओढून बाहेर टाकायला छतात मोठा पंखा आहे. वायू छातीत गेला तर लगेच काही होत नाही. घसा खवखवतो, थोड्या वेळाने बरं वाटतं, माणूस घरी येतो, जेवतो. आणि मग दहा-बारा तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. बाहेरून बघणाऱ्याला तो साधा खोकलाच वाटतो. तुला कळणं शक्यच नव्हतं, ताई. कुणालाही शक्य नव्हतं.

चौकशी समितीचा अहवाल तयार झाला आहे. पंखा सुरू न करता टॉर्च पेटवली गेली, तंत्रज्ञाकडून अनवधानाने झालेली चूक, असं त्यात आहे. "अनवधानाने" हा शब्द सरांनी मुद्दाम घालून घेतला, भाऊजींच्या नावाला बोल लागू नये म्हणून. त्याची एक प्रत तुझ्याकडे येईल, खाली "मान्य आहे" अशी सही मागतील. करून टाक. आता ते उकरत बसून कुणाचंच भलं व्हायचं नाही.

जप स्वतःला. जेवत जा.

तुझी,
छोटी


४ एप्रिल

ताई,

सही केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर आजच कळव की मागे घेते.

मागच्या पत्रात मी लिहिलं, कुणालाही कळणं शक्य नव्हतं. मला शक्य होतं.

एकोणीस वर्षांत भाऊजींनी पंखा लावल्याशिवाय टॉर्च एकदाही पेटवली नाही. त्या गुरुवारीही नाही. साडेदहाला त्यांनी पंखा लावला, दोन मिनिटं तो घुमू दिला, मग ज्योत पेटवली. मी काचेपलीकडे, शेजारच्या खोलीत. आमच्यात बोलायला एक माइक. पंख्याच्या ओढीने ज्योत हलत होती आणि त्याच्या घरघरीने आरशाचं टेबल थरथरत होतं, म्हणून माझी रेघ केसाळ येत होती. चार महिने ती तशीच येत होती. पाहणी आठ दिवसांवर आली होती. आदल्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दोन वर्षं झाली, तुमच्याकडे दाखवण्यासारखा एक आलेख नाही."

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी माइकवर म्हटलं, "भाऊजी, पंखा जरा बंद करता?"

ते म्हणाले, "जरा म्हणजे किती?"

"पंधरा मिनिटं. खिडकी उघडी ठेवा."

"पंधरा म्हणजे पंधरा हं, मॅडम." कामावर ते मला मॅडम म्हणायचे, थट्टेने. वर्कशॉपमध्ये सांगायचे, "लग्नात बायकोबरोबर एक मेव्हणी मिळाली, नऊ वर्षांची. आता तीच माझी साहेब झालीय."

पंखा थांबला आणि रेघ इतकी स्वच्छ आली, ताई, की मी खुर्चीतून उठले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटं झाली. मी म्हटलं, अजून एक फेरी. मग अजून एक. एक फेरी, म्हणजे सगळा आलेख एकदा काढणं, चार मिनिटांची. मध्ये एकदा त्यांनी खिडकीकडे जाऊन मान बाहेर काढली. म्हणाले, "वास यायला लागलाय गं. लावू का आता?" कामाच्या वेळी ते मला "गं" म्हणत नसत. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय, भाऊजी, प्लीज." ते नायट्रोजनचं भांडं उचलून यंत्राकडे गेले.

सव्वा वाजता संपलं. ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. व्हरांड्यात पाच मिनिटं उभे राहिले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं ना तुझं काम? मग ठीक." मी आलेख बघत होते. वर मानही केली नाही.

संध्याकाळी पावणेसातला त्यांचा फोन आला. म्हणाले, "छोटे, छातीत आवळल्यासारखं होतंय. दवाखान्यात दाखवून येऊ का? तुला यातलं जास्त कळतं." मी नोकरीला लागले त्या दिवशी एक माहितीपत्रक वाचून खाली सही केली होती. त्यात लिहिलंय, त्रास उशिरा सुरू होतो, चोवीस तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. ते वाक्य मला त्या क्षणी आठवलं. पूर्ण नाही, पण आठवलं. दवाखान्यात पहिला प्रश्न येणार होता, कुठला वायू? मग दुसरा, पंखा का बंद होता? दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं असतं आणि माझा आलेख त्या कुलपाआड गेला असता.

मी म्हटलं, "थोडा धूर गेला असेल, भाऊजी. झोपा. सकाळी बघू."

त्यांना तू नाही झोपवलंस. मी झोपवलं.

पहाटे तुझा फोन आला तेव्हा मी धावत आले आणि दुपारपर्यंत तुझा हात धरून बसले. डॉक्टर विचारत होते, "कामावर काही हुंगलं का यांनी?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, मला कल्पना नाही. समितीसमोर म्हटलं, पंखा सुरू आहे असं मी गृहीत धरलं होतं. या एका वाक्यावर त्यांनी अख्खा अहवाल उभा केला.

आता तू विचारशील, मग आज का सांगतेस? मला चांगुलपणा सुचला असं समजू नकोस. आकड्यांनी मला धरलं.

सरांना पाहणीसाठी तोच आलेख हवा होता, गुरुवारचा, स्वच्छ. माझं मॉडेल, म्हणजे गणिताने काढलेली रेघ, त्यावर बसवायला घेतलं. सगळीकडे बसत होतं, पण सहा मायक्रॉन लांबीच्या लहरीच्या जरा पुढे मोजलेल्या रेघेत एक खाच होती. ज्योतीतून उजेड निघालाय, पण यंत्रापर्यंत येता येता वाटेत कुणीतरी तो खाल्लाय. सर म्हणाले, "खोलीतल्या दमटपणाची असेल. तेवढा तुकडा काढून टाक." दमटपणा तिथेच उजेड खातो, हे खरं आहे. मी दमटपणा वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. खाचेचा आकार जुळेना. मग मी गणितात तो तपकिरी वायू घातला. ज्योतीतला गरम नाही, खोलीत साठलेला गार. एकाच प्रयत्नात रेघ रेघेवर बसली. दोन वर्षांत माझं मॉडेल इतकं कधी जुळलं नव्हतं.

मग मी एकेक फेरी काढून पाहिली. अकरा पाचच्या आधीच्या फेऱ्यांत खाच नाही, म्हणजे पंखा चालू होता. नंतरच्या प्रत्येक फेरीत ती थोडी खोल होत जाते. दर चार मिनिटांना किती वायू होता तो आकडा आता माझ्याकडे आहे, शेवटच्या मिनिटापर्यंत. कुठल्या आकड्याला माणसाने तिथून पळायला हवं तेही पुस्तकात आहे. तो आकडा बारा वाजण्याआधीच ओलांडला होता.

आणखी एक आहे. नायट्रोजन ओतायला ते आरशासमोरून जायचे, तेव्हा त्यांच्या अंगाने उजेड अडायचा आणि रेघ दोन सेकंद तळाला जायची. आम्ही ते ठिपके नेहमी पुसून टाकतो. या वेळी मी पुसले नाहीत. पावणेबाराला दोन सेकंद. सव्वाबाराला दोन सेकंद. पावणेएकला रेघ खाली गेली ती अकरा सेकंद वर आलीच नाही. ते तिथे उभे राहिले होते, ताई. टेबलाला धरून खोकत असतील. आणि काचेपलीकडून मी माइकवर म्हटलं होतं, "भाऊजी, समोरून बाजूला व्हा ना." आठवतंय मला, शब्दन्‌शब्द.

काल हे सगळं छापून सरांपुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग दार लावलं.

"हे कुणी पाहिलंय?"

"कुणी नाही. उद्या समितीला देणार आहे."

"तू स्वतःहून फाशी का घेते आहेस? माणूस गेला, तो यायचा आहे का परत?"

"नाही. पण त्यांची चूक नव्हती."

"चूक म्हटलेलीच नाही. अनवधान म्हटलंय."

मी म्हटलं, "ते कधी अनवधानाने वागलेच नाहीत, सर. म्हणून तर मी सांगितल्यावर त्यांनी बंद केला."

आज सकाळी कागद समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिले आणि पोच घेतली. माझा पास काढून घेतलाय. पोलिसांनाही कळवतील म्हणाले. तुला बोलावतील तेव्हा ये. माझ्यासाठी नाही, भाऊजींसाठी ये.

आई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. मला शाळेत पोचवून मग कामावर जायचीस. लग्न ठरताना तू एकच अट घातलीस, छोटी माझ्याबरोबर येणार. आणि ते म्हणाले होते, "अट कसली त्यात, माणसं वाढली की घर भरतं." त्या माणसाला मी दोन तासांहून जास्त त्या खोलीत ठेवलं, एका रेघेसाठी.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

छोटी


३० जून

ताई,

सुधारलेला अहवाल तुझ्याकडे आला असेल. माझ्याकडेही आला. "तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे पंखा सुरू केला होता, संशोधिकेच्या सूचनेवरून तो बंद करण्यात आला." हे वाक्य मी बोट ठेवून वाचलं. वर्कशॉपमधल्या लोकांनी ते पान सूचनाफलकावर लावलंय, असं ऐकलं. मला आत जाता येत नाही. सर म्हणाले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते खरंच आहे. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्यावरचा खटला पावसाळ्यानंतर उभा राहील. वकिलांना मी सांगितलंय, जे झालं ते झालं म्हणूनच मांडा.

सुनावणीच्या दिवशी तू समोरच्या रांगेत बसली होतीस, चिमणी तुझ्या शेजारी. आलेख भिंतीवर दाखवला तेव्हा अध्यक्षांनी मला तो समजावून सांगायला लावला. त्या अकरा सेकंदांपाशी मी आले, तेव्हा चिमणी उठून बाहेर गेली. तू उठली नाहीस. शेवटपर्यंत भिंतीकडे बघत राहिलीस. माझ्याकडे एकदाही नाही.

मला वाटलं होतं, तू बोलणारच नाहीस. पण बाहेर, जिन्याशी, तू थांबलीस. हातात छत्री होती. एवढंच म्हणालीस, "त्यांनी तुला फोन केला तेव्हा मी कुठे होते?"

तू क्षणभर वाट पाहिलीस आणि जिना उतरून गेलीस. उत्तर मला माहीत होतं. मागच्या पत्रात ते मी लिहिलं नाही, सुनावणीतही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस, तेव्हा लिहिते.

तू स्वयंपाकघरात होतीस. मला मागे भांड्यांचा आवाज येत होता. ते हळू आवाजात बोलत होते. मी झोपा म्हटल्यावर ते जरा घुटमळले. म्हणाले, "हिला सांगू का? सांगितलं तर ऐकायची नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेईल."

मी म्हटलं, "मग नका सांगू."

तेवढ्यात तुझी हाक आली, "कुणाचा फोन आहे हो?" आणि ते म्हणाले, "छोटीचा. कामाचं आहे."

तू त्यांना नेलं असतंस, ताई. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

छोटी